आधी आवाज, मग चित्र

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कसा रोखावा, याचे प्रशिक्षण आता अनेकदा 'व्हीसी'वर होते. तज्ज्ञ शहरातून बोलतात आणि शेकडो आरोग्य केंद्रांत परिचारिका, आरोग्यसेविका पडद्यासमोर बसतात. धडगाव, धारणी किंवा भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यात मात्र 'बाळ जन्मल्यावर एका मिनिटात ऑक्सिटोसिन १० युनिट' हे सांगितले जात असतानाच चित्र गोठू शकते, आवाज तुटू शकतो. हजेरी पूर्ण लागते. मात्रा कानावर पडलेलीच नसते. मग 'रेंज नाही' म्हणून सारे मोकळे होतात. पण दोष केवळ रेंजचा नसतो, प्रक्षेपणाच्या आखणीचाही असतो.

साधे गणित पाहा. बऱ्यापैकी स्पष्ट चित्राला सेकंदाला साधारण दोन मेगाबिट लागतात. ५०० केंद्रांना स्वतंत्र प्रती पाठवायच्या तर एक हजार मेगाबिट हवेत. नुसत्या आवाजाला ६४ किलोबिट पुरेसे होतात. म्हणजे सगळ्या केंद्रांना मिळून अवघे ३२ मेगाबिट. पाठवणाऱ्याकडचा भार वाटेतल्या सर्व्हरवर प्रती ठेवून हलका करता येतो. पण गावातल्या एकाच टॉवरवर, त्याच वेळी अनेक फोन सुरू असताना, शेवटच्या टप्प्यात होणारी कोंडी त्याने सुटत नाही.

ही कोंडी जुनी आहे. ऑक्टोबर १९८६मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कले विद्यापीठ यांच्यातील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर घसरला. हरवलेली पाकिटे प्रत्येक संगणक पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि कोंडी वाढवत होता. १९८८मध्ये व्हॅन जेकबसन यांनी उपाय मांडला : पाकिटे हरवू लागली की पाठवणाऱ्याने आपला वेग कमी करावा. इंटरनेट आजही मोठ्या प्रमाणात या शिस्तीवर उभे आहे.

थेट प्रक्षेपणात मात्र एक पेच उरतो. ऐकणारे शेकडो असताना वेग कोणाचा धरायचा? सर्वांत मंद जोडणीचा धरला तर सर्वांनाच धूसर चित्र मिळते. सर्वांत वेगवान जोडणीचा धरला तर दुबळे बाहेर फेकले जातात. १९९६मध्ये मॅकॅन, जेकबसन आणि व्हेटर्ली यांनी यातून वाट दाखवली. चित्रफितीचे थर करावेत. पायाचा थर सर्वांना मिळावा आणि त्यावरचे थर ज्याने त्याने आपल्या कुवतीनुसार घ्यावेत. कोंडी जाणवली की वरचा थर सोडून द्यावा. आज क्रिकेटचा सामना लाखो जण एकाच वेळी पाहू शकतात, त्यामागे याच्याशी मिळतीजुळती युक्ती असते. एकच दृश्य वेगवेगळ्या दर्जांत तयार होते, काही सेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते आणि प्रत्येक फोन आपल्याला झेपेल तो तुकडा मागवतो. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीने नेटवर्कवर ताण आला, तेव्हा मनोरंजन कंपन्यांनी चित्राचा दर्जा उतरवला.

करमणुकीसाठी जे सहज होते, ते आरोग्य प्रशिक्षणासाठी का होऊ नये? त्याला फार पैसा लागत नाही. क्रम ठरवावा लागतो. अपघात विभागात सगळ्या रुग्णांना एकदम तपासता येत नाही, म्हणून आधी कोण हे ठरते. इथेही तसेच. पहिला मान आवाजाला, दुसरा औषधांच्या मात्रा लिहिलेल्या स्थिर पाटीला, वक्त्याच्या हलत्या चेहऱ्याला शेवटचा. श्रोत्यांचे कॅमेरे बंद असावेत. मात्रांचा तक्ता आदल्या दिवशीच केंद्रात पोहोचावा आणि ध्वनिमुद्रण रात्री, वर्दळ कमी असताना उतरवून घेता यावे. तंत्र विभागाने चाचणी जिल्हा मुख्यालयात नव्हे, तर सर्वांत दुबळ्या जोडणीच्या केंद्रात घ्यावी.

आणि हजेरीऐवजी शेवटी एकच प्रश्न विचारावा : ऑक्सिटोसिन किती आणि कधी? त्याचे उत्तर प्रत्येक उपकेंद्रातून बरोबर आले, तरच प्रक्षेपण पोहोचले असे म्हणावे. रक्तस्राव सुरू झालेल्या मातेला चित्र पुन्हा सुरू होईपर्यंत थांबता येत नाही.