जन्मतः अपराधी कोणीही नाही

होटगी जंक्शनाजवळच्या एका घरातून आमच्याकडे गेल्या पंधरवड्यात एक प्रश्न आला. त्या घराने धम्मदीक्षा घेऊन फार दिवस झालेले नाहीत. घरातला नातू जन्मतःच एका पायाने अधू आहे. गावातील जुन्या वळणाचे लोक आजीला सांगतात, हे पोराच्या गेल्या जन्मीचे भोग. शेजारची ख्रिस्ती बाई मनाने फार चांगली. मुलाला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचे असले की ती आपले काम टाकून बरोबर येते. तीही मायेपोटी सांगते की, आदामाच्या पापामुळे जगात दुःख आले, आपण सारेच त्या पापात जन्मतो, म्हणून लेकरासाठी प्रभूकडे क्षमा मागू या. आजीने आम्हांस विचारले आहे, "ज्या लेकराने अजून उंबरा ओलांडला नाही, त्याने पाप केले केव्हा?"

वाचकहो, हा प्रश्न एका आजीचा नाही. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी तो या ना त्या रूपाने उभा राहतो. म्हणून त्याचे उत्तर नीट विचार करून दिले पाहिजे. ज्या शेजारणीने आपल्याला मदतीचा हात दिला, तिच्या श्रद्धेची टवाळी करून ते देता येणार नाही. तिचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे समजून घेऊ.

बायबलातील उत्पत्तीच्या पुस्तकात कथा आहे ती अशी. परमेश्वराने पहिला पुरुष आदाम व पहिली स्त्री हव्वा यांना एदेन बागेत ठेवले व बऱ्यावाइटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे फळ खाऊ नका, अशी आज्ञा केली. सर्पाने हव्वेला मोह घातला, दोघांनी फळ खाल्ले आणि त्यांना बागेतून जावे लागले. या कथेत 'जन्मपाप' हा शब्द कोठेही नाही. यहुदी लोक हाच ग्रंथ पवित्र मानतात, पण पाप वंशाने उतरते ही शिकवण ते मानीत नाहीत. एका माणसामुळे पाप जगात आले, हा विचार पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मांडला. त्याला सिद्धान्ताचे पक्के रूप दिले ते उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन याने. त्याचा काळ इ. स. ३५४ ते ४३०. मनुष्याची इच्छा पहिल्या पापाने इतकी दुबळी झाली आहे की, देवाच्या कृपेवाचून तिला भल्याकडे वळता येत नाही, असे त्याचे मत होते. पेलाजियस नावाच्या संन्याशाने त्याला विरोध केला. आदामाचे पाप आदामापुरते, प्रत्येक मनुष्य चांगले किंवा वाईट निवडण्यास स्वतंत्र आहे, असे तो म्हणे. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने त्याच्या मताचा निषेध केला. पुढे १५२४ साली इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला आणि १५२५ साली ल्यूथरने त्याचे खंडन केले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च आदामाचा दोष मुलाच्या माथी येतो असे मानीत नाही. सारांश, मनुष्य स्वतंत्र की बांधलेला, हा वाद ख्रिस्ती धर्माच्या घरात दीड हजार वर्षे चालू आहे. शेजारणीच्या म्हणण्यावर शंका घेणारे पहिले आपण नव्हेत.

या शिकवणीची एक बाजू मान्य केली पाहिजे. तीत सारे मनुष्य सारखेच पापी आहेत. राजा आणि रंक, ब्राह्मण आणि महार, कोणीही जन्माने शुद्ध नाही. ज्यांना गावात फक्त आपणच अपवित्र असे शिकविले गेले होते, त्या आपल्या पूर्वजांना ही समता किती मोठी वाटली असेल! पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त मात्र जातवार वाटणी करतो. वरच्याला पुण्य देतो, खालच्याला पाप देतो, आणि वर सांगतो की हा न्याय आहे.

तरीही बाबासाहेबांनी तो मार्ग का स्वीकारला नाही? याचा एक धागा आपल्याच जिल्ह्यात सापडतो. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे बाबासाहेबांनी ख्रिस्ती बांधवांसमोर भाषण केले. ते 'जनता' पत्राच्या ५ फेब्रुवारी १९३८ च्या अंकात प्रसिद्ध झाले. धर्मांतराचा विचार करताना आपल्या दृष्टीसमोर बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच विभूती आहेत, असे त्यांनी तेथे मोकळेपणाने सांगितले. त्याच भाषणात त्यांनी दक्षिणेतील ख्रिस्ती समाजात जातिभेद टिकून आहे हे दाखविले आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज समाज म्हणून लढला नाही, हेही सुनावले. तो का लढला नाही, याची मीमांसा त्यांच्या एका इंग्रजी निबंधात आहे. तो निबंध महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या पाचव्या खंडात आला आहे. त्यातील मुद्द्याचा आशय असा : अस्पृश्याला सांगावयास हवे होते की तुझी अधोगती सभोवतालच्या समाजाने व त्याच्या धर्माने केली, आणि ती समाजरचना बदलल्यावाचून तुझी सुटका नाही. त्याऐवजी त्याला सांगण्यात आले की तुझी अधोगती पापामुळे झाली. हिंदू असताना स्वतःचे पूर्वकर्म, ख्रिस्ती झाल्यावर पूर्वजाचे पाप. दोन्हीकडे दोषी तोच! ज्याने विहीर बंद केली त्याच्याकडे बोट जात नाही.

आम्ही वकिलीच्या धंद्यातले. म्हणून हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडतो. अपराध ठरण्यास कृत्य लागते आणि सामान्यतः त्यामागे हेतू लागतो. सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही. हे जुन्या दंडसंहितेच्या कलम ८२ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २० मध्येही आहे. माणसांनी केलेला कायदा जेथे बालकाला निर्दोष मानतो, तेथे विश्वाचा कायदा त्याला दोषी मानील काय?

पण माणसांच्या कायद्यानेही एकदा ही चूक केली होती. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला व पुढे १९११ आणि १९२४ साली तो विस्तारला. अमुक जमातीत जन्म, एवढ्यावर माणसाची नोंद होई, हजेरी लागे, परवान्याशिवाय हलता येत नसे. सोलापुरात तारेच्या कुंपणातील 'सेटलमेंट' याच कायद्याची. त्या भागाला ते नाव आजही चिकटून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तरी त्याची छाया गेली नाही. तुरुंगाच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या. जन्मदोषाची कल्पना देवळात असो, पोथीत असो की सरकारी दप्तरात असो, तिचे फळ एकच. माणसाला कुंपणात घालणाऱ्याचे मन निश्चिंत राहते.

आता भगवान बुद्धांकडे येऊ. अंगुत्तर निकायातील एका सुत्तात त्यांनी तीन मते नाकारली आहेत : सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळे होते, सर्व ईश्वराच्या इच्छेने होते, आणि सर्व विनाकारण होते. ही मते खरी मानली तर हे करावे व ते करू नये या इच्छेलाच, प्रयत्नालाच जागा उरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या दृष्टीने कर्म म्हणजे चेतना, म्हणजे जाणूनबुजून केलेली इच्छा. होटगीच्या फलाटावर आपण रोज पाहता, गाडीला रुळाबाहेर जाता येत नाही. पण विजापूरची गाडी धरावी की सोलापूरची, हे फलाटावरचा मनुष्य ठरवितो. त्याच्या खिशात किती पैसे आहेत, कोणती गाडी उशिरा आहे, याची बंधने त्याला असतात, हे खरे. तरी निवड त्याची असते आणि जबाबदारीही त्याचीच.

मोहाचीही गोष्ट तशीच. येशूला रानात चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतानाने मोह घातला आणि तो डळमळला नाही. बोधिवृक्षाखाली माराने सिद्धार्थाला मोह घातला, तोही डळमळला नाही. दोन्ही कथा एकच धडा देतात की मोह येणे हा दोष नव्हे, त्याला शरण जाणे हा दोष. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितले आहे की बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. वाट दाखविणारा भेटला, आता चालणे आपले.

आणि शेजारणीला काय सांगावे? तिच्याच ग्रंथातील कथा तिला आठवून द्यावी. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य एका जन्मांधाकडे पाहून विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू उत्तर देतो की याने नाही आणि यांनीही नाही. एवढ्या उत्तरावर आजी आणि शेजारीण एका बाकावर बसू शकतात. आणखी एक ध्यानात ठेवा. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती दलितांचा प्रश्न मात्र त्या दुरुस्त्यांनी सुटला नाही. त्या बाईच्या घरावरील अन्याय आपल्याला परका नाही.

आजीबाई, आपल्या नातवाने कोणतेही पाप केलेले नाही. या जन्मी नाही, मागच्या कोणत्याही जन्मी नाही, आदामाच्या बागेत नाही. त्याचा पाय अधू आहे. त्याला उपचार हवेत, अपंगत्वाचे प्रमाणपत्र हवे आणि शाळा हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा त्याचा हक्क मान्य केला आहे. तो मागून घ्या. प्रमाणपत्रासाठी दवाखान्यात जाल तेव्हा शेजारणीला बरोबर न्या.

वाचकहो, आता आपल्या स्वतःच्या घरात पाहा. भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, पण मूल दगावले, सून विधवा झाली, पीक गेले की "काय भोग आहेत!" हा शब्द आपल्या ओठांवर अजून येतो. तो शब्द आला की जुना धर्म मागच्या दाराने घरात शिरला असे समजा. आणि जन्माचे पाप नाकारले म्हणून आपण दोषमुक्त झालो, असाही अर्थ घेऊ नका. दारूचा पेला कोणी आदामाने आपल्या हाती दिलेला नाही. मुलीची शाळा बंद करण्याचा निर्णय पूर्वजन्मीचा नाही. पंचशील आपण रोज म्हणतो, ते याच जबाबदारीसाठी. ज्याच्या माथी जन्माचा कलंक नाही, त्याला आपल्या कृत्याचा हिशेब दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाही.

जयभीम.