क्रीडा शुल्काची पावती

माझी भाची आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेसाठी अमरावतीला गेली, तेव्हा तिचा सामना पाहायला घरातले कोणीच जाऊ शकले नाही. मैदानावर तिकीट नव्हते. पण लोणारहून अमरावतीला जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे भाडे आहे, म्हणून बहिणीचा प्रवास स्वस्तात झाला असता. रात्रीची खोली, जेवण आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी यांना मात्र कुठली सवलत? फुकटचा सामना असा महाग पडतो.

भाचीने बूट स्वतः घेतले. प्रवासखर्च नंतर मिळेल असे महाविद्यालयात सांगितले गेले. तो हाती पडायला पुढचे सत्र उजाडले. मी तिची प्रवेशाची पावती काढून पाहिली. त्यात ‘क्रीडा शुल्क’ अशी स्वतंत्र ओळ होती. ही रक्कम प्रत्येक विद्यार्थी भरतो, आयुष्यात मैदानात पाय न ठेवणारासुद्धा. म्हणजे तिकिटाचे पैसे आपण आधीच भरलेले असतात. त्यांचे पुढे काय होते, एवढेच कोणी विचारत नाही.

यावर काही मित्र म्हणतात, महाविद्यालयीन खेळांना तिकीट लावा, प्रायोजक आणा, पैसा आपोआप येईल. अमेरिकेत तसेच आहे. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाखाहून जास्त लोक बसतात. तिकिटे आणि टीव्हीचे हक्क यांतून अफाट कमाई होते. पण त्या कमाईतला थेट वाटा खेळाडूंना देण्याची मुभा महाविद्यालयांना मिळाली ती जून २०२५ मध्ये, न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर. आणि एवढी कमाई असूनही तिथल्या अनेक विद्यापीठांत सामान्य विद्यार्थ्यांच्या शुल्कातून क्रीडा विभागाला पैसा पुरवावा लागतो. पैसा आला म्हणजे तो खेळाडूपर्यंत पोहोचतोच असे नाही.

आपल्याकडचे उदाहरण वेगळे आहे. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले आणि कुस्त्यांच्या मैदानातून पैसे जमवून त्यांनी ते कर्ज फेडले. लोकांनी त्या मैदानांना खुशीने पैसे दिले, कारण ते कशासाठी जाणार हे त्यांना ठाऊक होते. माझी मागणी तिकीट फुकट असावे एवढीच नाही, हिशेब दिसावा ही आहे. क्रीडा शुल्क किती जमले, बुटांवर किती गेले, प्रवासावर किती, हे दरवर्षी नोटीस बोर्डावर लावा. खेळाडूला प्रवासखर्च निघण्याआधी द्या. आणि काही सामने लोणार, मेहकर, सिंदखेडराजा अशा तालुक्यांच्या गावी खेळवा. विद्यापीठ पाच जिल्ह्यांचे आहे, प्रेक्षकही पाच जिल्ह्यांतले असू द्या.

आता थोडे आपल्या घरातले बोलतो. ‘परवडत नाही’ हे आमचे कारण खरे होते, पण पूर्ण खरे नव्हते. त्याच हिवाळ्यात मोहल्ल्यातल्या पोरांच्या टेनिस बॉल स्पर्धेला आम्ही सगळ्यांनी वर्गणी दिली. मीही दिली. प्रवेश फी, मंडप, लाइट, ट्रॉफी, सगळे जमले. मुलीच्या सामन्याला जायची वेळ आली तेव्हाच आम्हाला खर्च आठवला. त्यामागे ‘लोक काय म्हणतील’ हेही होते, आणि ते आम्ही भाड्याच्या आकड्याआड लपवले. महाविद्यालयाकडे हिशेब मागायचा तर हा हिशेबही मांडायला हवा.

भाची परतली तेव्हा तिने एवढेच विचारले, “मामू, दुसऱ्या टीमच्या मुलींच्या अम्मी आल्या होत्या. तुम्ही का नाही आलात?” मी खर्चाचे सांगायला गेलो आणि मध्येच थांबलो. येत्या स्पर्धेसाठी बहिणीने आणि मी आतापासून पैसे बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे. क्रीडा शुल्काच्या हिशेबासाठी प्राचार्यांच्या नावे अर्जही लिहून ठेवला आहे. त्यावर भाचीसोबत तिच्या संघातल्या सगळ्या मुलींच्या सह्या आहेत.