ओट्यामागची भिंत कुणाची?

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे. स्वयंपाकाच्या ओट्यामागे टाइल्स कोणत्या लावायच्या?

देवळाली कॅम्पातलं आमचं घर सासऱ्यांच्या वेळचं. ओट्याला कडप्पा, मागे हातभर उंचीच्या पांढऱ्या टाइल्स आणि वर फोडण्यांनी तांबूस झालेला ऑइलपेंट. यंदाच्या पावसाळ्यात ओल आली, चार टाइल्स निखळल्या आणि गवंडी म्हणाला, "डॅडो सगळा नवाच करा." म्हणून आम्ही नवरा-बायको नाशिकरोडला दुकानात गेलो. दुकानदाराने मला खुर्ची दिली, पुढ्यात कॅटलॉग ठेवला. "ताई, तुम्ही डिझाइन पसंत करा." मग नवऱ्याला म्हणाला, "साहेब, या, आपण भावाचं बोलू." पैसे माझ्या पगारातून जाणार होते. पण हे त्याला कुठे माहीत? आणि माझ्या नवऱ्यालाही ते सांगायचं सुचलं नाही.

नवऱ्याला आवडली ती विटेसारखी छोटी, खरबरीत टाइल. फोटोत खरंच छान दिसत होती. घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मोठी आणि गुळगुळीत घ्या. घासणारीला बरी." चाळीस वर्षं त्यांनी ती भिंत साबणाचा चुरा आणि जुना टूथब्रश घेऊन घासली आहे. दुकानात त्यांना कुणी नेलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. आमची भिंत आठ फूट लांब, दोन फूट उंच. तीन बाय सहा इंचाच्या टाइल्स लावल्या तर १२८ लागतात, दीड बाय एक फुटाच्या लावल्या तर बारा. टाइल्स लहान घेतल्या की मधले सांधेही वाढतात. हळद-तेलाचा डाग चकचकीत टाइलवरून ओल्या फडक्याने निघतो, पण सांध्यातल्या पांढऱ्या सिमेंटमध्ये तो मुरतो. सांध्यात इपॉक्सी भरलं तर तेल पीत नाही, पण ते महाग पडतं. म्हणजे 'डिझाइन' म्हणून जे माझ्यापुढे ठेवलं होतं तो पुढच्या वीस वर्षांच्या कामाचा हिशेब होता. २०२४च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. त्या २८९ मिनिटांत सांधे घासणंही आलंच.

चळवळीतली एक जुनी मैत्रीण हे ऐकून हसली. "आता टाइल्सवर लेख लिहिणार?" तिचं हसणं मला कळतं. पण मला आठवत होती ती आमच्या समुपदेशन केंद्रात आलेली एक बाई.

घर सासूच्या नावावर. हिने माहेरच्या दोन बांगड्या मोडून तिथलं स्वयंपाकघर नवं करून घेतलं. तिसऱ्या वर्षी नवऱ्याने मारून बाहेर काढलं. पहिल्या दिवशी ती माराबद्दल फारसं बोललीच नाही. "ताई, जांभळ्या फुलांच्या टाइल्स मी आणल्यात. मी निवडल्यात," हेच परत परत. कायद्याने तिला बरंच दिलं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याप्रमाणे घर कुणाच्याही नावावर असो, तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी हा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२०मध्ये स्पष्ट केलं. राहण्याचा आदेश तिला मिळालाही. पण बांगड्यांचं काय? बांगड्या असत्या तर स्त्रीधन म्हणून परत मागता आल्या असत्या. १९८५च्या प्रतिभा राणी खटल्यापासून त्याबद्दल शंका राहिलेली नाही. सोनं भिंतीत गेलं. सोनाराची पावती ठेवलेली नव्हती आणि टाइल्सचं बिल नवऱ्याच्या नावाचं होतं.

कॅम्पातल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. छावणीतले कितीतरी जुने बंगले 'ओल्ड ग्रँट'चे असतात, म्हणजे वरचं बांधकाम तुमचं, खालची जमीन सरकारची. भिंत हलवायची तर बोर्डाची परवानगी लागते. यावर पुरुषमंडळी किती तावातावाने बोलतात! पिढ्यान्‌पिढ्या राहतोय, डागडुजी करतोय, तरी मालक नाही. अगदी खरं आहे. पण त्याच घरात, ओट्यापाशी उभी असलेली बाई नेमकी याच अवस्थेत राहते आहे, हे कुणाच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.

टाइल्सची खोकी उचलून आणायला गवंड्याबरोबर एक बिगारी बाई आली होती. चहा पिताना मी तिला विचारलं, घर कुठे? तिने अभिमानाने सांगितलं, घरकुल मिळालंय, आणि कागदावर तिचंही नाव आहे. पंतप्रधान आवास योजनेत घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे देण्यावर भर आहे. गरिबांच्या घरांसाठी सरकारने जे ठरवलं, ते आपण शिकल्यासवरल्या घरांनी स्वतःसाठी कधी ठरवलं? २०२१च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात एकट्या बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली. तेव्हा काही घरांत बाईचं नाव अचानक आठवलं. असो, आठवलं हे काय कमी आहे!

तेव्हा माझं म्हणणं असं की टाइल्स जरूर निवडा, हौसेने निवडा, त्यात कमीपणा नाही. पण पैसे आपल्या खात्यातून द्या, बिल आपल्या नावाने घ्या, सोनं मोडलं तर पावती जपून ठेवा. आणि ज्या भिंतीला टाइल्स लागणार, ती कुणाच्या नावावर आहे हे आधी विचारा.

मी विचारलं. बिलाचं सोपं होतं. "साहेबांचं नाव टाकू ना?" या प्रश्नाला "नाही, माझं" एवढंच उत्तर पुरलं. भिंतीचं अवघड निघालं. सासरे मृत्युपत्र न करता गेले, त्याला सहा वर्षं झाली. घरपट्टी अजून त्यांच्याच नावे येते. कायद्याने सासूबाई, माझा नवरा आणि दोन्ही नणंदा सारख्या वाट्याचे वारस आहेत. मी नाही. सासूबाईंनी हे सगळं माझ्याकडून दोनदा समजून घेतलं आणि मग विचारलं, "माझं नाव लावायला काय काय कागद लागतील गं?"

मृत्यूचा दाखला काढून ठेवला आहे. त्यांचं नाव लागेल तेव्हा नणंदांचीही लागतील, लागायलाच हवीत. नवरा यावर अजून काही बोललेला नाही, नणंदांशीही कुणी बोललेलं नाही. टाइल्स मात्र सोमवारी लागणार आहेत, मोठ्या आणि गुळगुळीत.