साठ हजारांची गाडी आणि शर्यतीचे मैदान

आम्ही पलूसच्या पेठेतले कापडवाले. मोटारीतले सारे कळते असा आमचा दावा नाही, पण थोड्या भांडवलात माल कसा उभा करावा हे थोडेफार कळते. म्हणून आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातील, देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांच्या गाडीवर व्यापाराच्या पानात चार शब्द लिहीत आहोत.

लोहारांनी भंगारातले लोखंड आणि जुने सुटे भाग जमवून चारचाकी बनविली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. मोटारसायकलीसारखी किक मारली की गाडी चालू! डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, हेही त्यांनी सांगितले आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती मिळालीही. फोटो छापून आले, वाहवा झाली. आमचा सवाल पुढचा आहे. असा हुन्नर असलेल्या हातांना गिऱ्हाईक कोण?

रस्त्यावर तर वाट बंदच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि तपासणीशिवाय नोंदणी नाही. इचलकरंजी म्हटले की आम्हाला यंत्रमाग आठवतात. त्याच गावी शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली ‘मीरा’ नावाची छोटी गाडी बनविली, पुढे अनेक वर्षे सुधारली. बाजारात ती कधीच आली नाही.

शर्यतीची गाडी मात्र बंदिस्त मैदानात धावते, तिला नंबरप्लेट लागत नाही. इंग्लंडात कॉलिन चॅपमन या तरुणाने १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बांधली. त्यातूनच लोटस कंपनी उभी राहिली.

पैसा कुठे वाचवावा? इंजिन जुने चालते. अपघातात निकामी झालेल्या एकाच गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग उचलावे, म्हणजे जुळवाजुळवीची कटकट वाचते. दारे, काचा, गाद्या काढून टाकाव्यात. वजन घटले की त्याच इंजिनात गाडी जास्त पळते आणि काढून टाकायला पैसे पडत नाहीत. पण सांगाड्याची नळी, गाडी उलटल्यास डोके वाचविणारी कमान, ब्रेक आणि पट्टा यांत भंगार अजिबात नको. ब्रेकचे तेल दोन वेगळ्या नळ्यांतून न्यावे, एक फुटली तर दुसरी धरते. शेरवानीला अस्तर हलके लावले तर एक वेळ खपून जाते. शिलाई उसवली तर गिऱ्हाईक परत येत नाही. इथे तर गिऱ्हाईकच उरायचे नाही.

हा निव्वळ शौक आहे असे कोणी म्हणेल. अमेरिकेत १९८१ पासून कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या ‘फॉर्म्युला’ स्पर्धा होतात, आपल्याकडेही होतात. तिथे १००० गुणांपैकी १०० गुण खर्चाच्या हिशोबाला असतात. नुसते पळून भागत नाही, किती पैशात बनविली हे कागदावर दाखवावे लागते. आम्हा व्यापाऱ्यांना हे फार पटले.

आता आपल्या भागाचे पाहा. किर्लोस्करवाडी १९१० पासून आपल्या दाराशी आहे. सांगलीत वालचंद कॉलेज, इस्लामपूरजवळ राजारामबापू इन्स्टिट्यूट. गॅरेजवर हात काळे करणाऱ्या आपल्या पोरांना वेल्डिंग येते, नकाशा वाचता येत नाही. कॉलेजच्या पोरांचे बहुधा उलटे असते. दोघांना एका छपराखाली आणायला खर्च तो किती? दहा दुकानांनी दहा-दहा हजार काढले तर एक लाख होतात. दुकानाचे नाव गाडीच्या अंगावर रंगवून घ्यावे, जाहिरात समजून खाती टाकावे.

पेठेतल्या दुकानदार बंधूंनी येत्या दिवाळीच्या हिशोबाआधी यावर बसावे अशी आमची सूचना आहे. त्या लाखातून नळी, पट्टा आणि हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढावेत. उरलेल्यात जे इंजिन मिळेल ते.