पंखा बंद केला, पुढे काय?

आपल्या सगळ्यांचा 'आवडता' पेपर कोणता? अर्थात ईव्हीएस! परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स आणायच्या, ग्रीनहाऊस इफेक्टची आकृती पाठ करायची आणि उत्तराचा शेवट "म्हणून आपण प्रत्येकाने झाडे लावली पाहिजेत" असा करायचा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हाच निबंध इंग्रजीत लिहावा लागे. भाषा वेगळी, शेवटची ओळ तीच!

पण हा पेपर आपल्या नशिबी आला कसा, ठाऊक आहे? एम. सी. मेहता नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि १९९१ साली कोर्टाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितले. "एकट्या माणसाने काय होणार?" असं आपण कट्ट्यावर नेहमी म्हणतो ना? त्याचं उत्तर आपल्याच टाइमटेबलात छापलेलं आहे.

मेहतांनी घरातला एक दिवा विझवला नाही, त्यांनी नियम बदलून घेतला. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे की दिवा विझवायचाच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही.

प्रश्न किती मोठा आहे ते थोडक्यात पाहू. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत कार्बन डायऑक्साईडचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होतं. आज ते ४२० च्या वर गेलं आहे. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. हे आकडे कोरडे वाटत असतील तर मे महिन्यात पेपर देणाऱ्या अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या मित्राला विचारा, तो ओल्या शब्दांत सांगेल!

आता आपण इंजिनिअर आहोत, तर गणित मांडूया. साधा सीलिंग फॅन ७५ वॅटचा. लेक्चरला जाताना तो बंद केला आणि सात तास बंद राहिला, तर साधारण अर्धा युनिट वाचतो. आपल्या देशातली सुमारे सत्तर टक्के वीज कोळशातून येते, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. म्हणजे एका स्विचने दिवसाला पाव किलोच्या वर बचत. वाईट नाही. कुलूप लावण्याआधी बोट उचलायचं, त्याला पैसे पडत नाहीत. तेवढं सगळ्यांनी करावंच.

पण रात्री झोपताना पंखा लागणारच. तिथे बोट चालत नाही, निर्णय लागतो. समजा एका हॉस्टेलमध्ये ३०० पंखे आहेत आणि ते रोज १४ तास चालतात. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले, तर दिवसाला १८९ युनिट वाचतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ५६,७०० युनिट, म्हणजे जवळजवळ ४० टन कार्बन डायऑक्साईड! पंखा ३,००० रुपयांचा आणि युनिट १० रुपयांचं धरलं तर पावणेदोन वर्षांच्या आत पैसे वसूल. मुख्य म्हणजे यात कुणीही घामाघूम होत नाही. पण हे तुम्ही-आम्ही खोलीत बसून करू शकत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, चार सह्या गोळा कराव्या लागतात, रेक्टर सरांच्या केबिनबाहेर थांबावं लागतं. यालाच मी राजकारण म्हणते.

"राजकारण" म्हटलं की आपण नाक मुरडतो. आपल्याला वाटतं राजकारण म्हणजे फ्लेक्स, मोर्चे आणि बंद. अहो, पण पंख्यावरचे ते तारे कुठून आले? जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचे झाले. आधी ते कंपनीच्या मर्जीवर होतं. एलईडी बल्बचंही तेच. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत एका बल्बची किंमत ३१० रुपये होती. सरकारने 'उजाला' योजनेत एकगठ्ठा खरेदी केली आणि २०१६ पर्यंत ती ३८ रुपयांवर आली. आज खेड्यातल्या किराणा दुकानातही एलईडी मिळतो. हे लोकांच्या सद्सद्विवेकबुद्धीमुळे झालं नाही, धोरणामुळे झालं.

आणि असं धोरण घडवायला इंजिनिअरच लागतात. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेचे गिरीश संत हे आयआयटी मुंबईत शिकलेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्रॉनच्या वीज कराराचा हिशोब मांडून तो सामान्य ग्राहकाला किती महाग पडेल ते दाखवलं. कमी वीज खाणाऱ्या पंख्यांसाठी राष्ट्रीय योजना असावी, हाही 'प्रयास'ने लावून धरलेला विषय. संत २०१२ साली गेले. प्लेसमेंटच्या यादीत अशा कामाचं पॅकेज छापून येत नाही, पण त्यांची हत्यारं आपल्याकडेही आहेत : कॅल्क्युलेटर, ग्राफ पेपर आणि चिकाटी.

काही मित्र म्हणतात, "अमेरिकेतला माणूस वर्षाला १४ टन कार्बन डायऑक्साईड सोडतो, आपण दरडोई दोनच्या आसपास. मग आपणच का?" मुद्दा खरा आहे आणि जागतिक परिषदांत भारताने तो ठणकावून मांडलाच पाहिजे. पण दरडोई सरासरीत मेळघाटातली झोपडीही येते आणि चोवीस तास एसी चालणारा फ्लॅटही. आपण नोकरीला लागल्यावर कोणत्या बाजूला असणार, हे वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? वीज दरवाढीचा प्रस्ताव आला की वीज नियामक आयोग 'हरकती व सूचना' मागवतो, तशी जाहीर सूचना पेपरात येते. इलेक्ट्रिकलच्या मुलांनी एकदा ती फाईल उघडून पाहावी, कितीतरी सेमिनारपेक्षा जास्त शिकायला मिळेल. जे गावाकडचे आहेत त्यांनी सुट्टीत ग्रामसभेला जावं. मतदार यादीत नाव असलं की आपण ग्रामसभेचे सदस्य. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या छोट्याशा गावाने ग्रामसभेच्या जोरावर २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ईव्हीएसच्या उत्तरात आपण एक झाड लावतो, त्या गावाने अख्खं जंगल सांभाळलं!

आणि मतदान! आपल्यापैकी बरेच जण अठरा पूर्ण झालेले आहेत, पण यादीत नाव किती जणांचं आहे? हॉस्टेलच्या पत्त्यावर किंवा घरच्या पत्त्यावर, कोणत्याही एका ठिकाणी नोंदणी करता येते. उमेदवार दारात आला की रस्ता आणि गटार जरूर विचारा, पण सोबत सिटी बस, तलाव आणि गावातल्या सोलर पंपाचंही विचारा. कुणी विचारलंच नाही तर तो कशाला बोलेल?

शेवटी सर आणि मॅडम लोकांना एक नम्र विनंती. "विजेचा वापर जपून करा" अशी पाटी प्रत्येक मजल्यावर असते. तिच्या शेजारी हॉस्टेलचं दर महिन्याचं वीजबिलही लावा. किती युनिट जळले, किती रुपये गेले, हे आकडे डोळ्यांसमोर राहिले तर तिसऱ्या महिन्यात कुणीतरी मुलगा किंवा मुलगी हिशोब करून पंखे बदलण्याचा अर्ज घेऊन तुमच्याकडे येईल. तेव्हा त्याला "अभ्यास कर" म्हणून परत पाठवू नका. तो अभ्यासच करत असेल.