शिडाची शेवटची फेरी

मे संपायच्या आत मुलांना मुरूडजवळच्या राजपुरीला न्याच. पावसाळ्यात जंजिरा किल्ल्याची वाहतूक बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. तोवर शिडाची होडी मिळते. नाखवा दोर सोडतो, कापड फडफडतं आणि वारा भरताच टरारून फुगतं. इंजिनाची घरघर नसते, त्यामुळे फळ्यांना घासणारं पाणी ऐकू येतं. किल्ल्याचा दरवाजा तर अगदी जवळ गेल्याशिवाय दिसतच नाही!

उल्हासनगरच्या कॅम्प ५मधल्या घरांसाठी ही सहल मोलाची वाटते. फाळणीनंतर इथली कितीतरी सिंधी कुटुंबं कराचीहून जहाजानेच आली. त्यांची पतवंडं मात्र वालधुनी नदीचं काळं पाणी बघत वाढताहेत. त्यांना खाऱ्या पाण्यात हात बुडवू द्या. ऐंशी पार केलेल्या आजीलाही सोबत घ्या. लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ विचारा.