काळजी की हजेरी?

व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवताना तीन पर्याय येतात: १५ मिनिटं, १ तास, ८ तास. मी एसवायला असताना माझी गर्लफ्रेंड रोज सकाळी तिसरा पर्याय दाबायची. तिला हौस नव्हती, मी सांगितलं होतं. ‘रात्री लायब्ररीतून एकटी हॉस्टेलला जातेस, मला टेन्शन येतं,’ हे माझं कारण. मग सकाळी अकराच्या लेक्चरला ती कुठे बसलीय हे मी का बघत होतो? तेव्हा हा प्रश्नच मला पडला नाही.

हळूहळू यादी वाढत गेली. ब्लू टिक आली तरी रिप्लाय का नाही? फोटोत शेजारी उभा आहे तो कोण? प्रोजेक्टला पार्टनर मुलगाच का? मी कधी आवाज चढवला नाही. फक्त ‘ठीक आहे, एन्जॉय’ असा मेसेज टाकायचो आणि दोन दिवस गप्प बसायचो. तिने राजगडचा ट्रेक रद्द केला, मग मैत्रिणींबरोबरचं जेवण. मला वाटायचं, किती समजून घेते ही मला!

तिची रूममेट एकदा टपरीवर चहा पिताना म्हणाली, ‘तू तिची काळजी नाही घेत रे, हजेरी घेतोस.’ मी भडकलो. ‘आमच्यात पडू नकोस’ म्हणालो. पण त्याच आठवड्यात, मी काहीही विचारलेलं नसताना, तिने मला कँटीनच्या बिलाचा फोटो पाठवला. बिलावरची वेळ दिसावी म्हणून. ती मला घाबरते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

‘टॉक्सिक पार्टनर कसा ओळखाल’ छापाचे रील्स आपण सगळेच बघतो. त्यात टॉक्सिक माणूस कायम दुसरा कुणीतरी असतो. मी स्वतः असे रील्स तिला फॉरवर्ड केलेत, बोला आता!

त्या दिवाळीत घरी गेलो आणि हे सगळं आलं कुठून ते दिसलं. आईने बाबांना विचारलं, ‘मावशीकडे जाऊन येऊ का?’ बाबा म्हणाले, ‘बघ तुझं तू.’ आई गेली नाही. माझ्या बाबांनी आईवर कधी हात उगारला नाही, आवाजही नाही. ते फक्त गप्प होतात, आणि त्या गप्प होण्याची किंमत घरात सगळ्यांना माहीत आहे. माझं ‘ठीक आहे, एन्जॉय’ तिथलंच. शिवाय रात्री नऊनंतर बहिणीचा फोन फ्रिजवर ठेवायचा, असा नियम होता. ती फर्स्ट इयरला, वय १९. माझा फोन कधीच फ्रिजवर गेला नाही.

एव्हन स्टार्क या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने २००७ मध्ये ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ या नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एकेक घटना सुटी काढून बघितली तर किरकोळ वाटते. लोकेशन मागितलं, त्यात काय? पैशाचा हिशेब विचारला, त्यात काय? पण सगळं एकत्र मांडलं की दिसतं, समोरच्या माणसाचं स्वतःचं आयुष्य आकसत चाललंय. इंग्लंड आणि वेल्समध्ये जोडीदाराशी किंवा कुटुंबातल्या माणसाशी असं सतत वागणं २०१५ च्या कायद्याने गुन्हा ठरलं, मारहाण झालेली नसली तरी.

तुम्ही म्हणाल, बाहेर काय चाललंय ते बघतोस ना? आईबाबांनी ‘कुठे आहेस’ विचारलं तर बिघडलं काय? काहीच नाही. उशीर होणार असेल तर घरी कळवणं ही साधी माणुसकी आहे. फरक ओळखायला मी आता एकच गोष्ट बघतो: ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं? ‘आज लोकेशन नाही पाठवत, पोचले की मेसेज करते,’ एवढंच म्हणून बघा. काळजी करणारा माणूस कुरकुरेल, पण ऐकेल. कंट्रोल करणारा त्याची किंमत वसूल करेल. अबोला, आणाभाका, ‘मग कॉलेज बंद’, ‘मी जिवाचं बरंवाईट करून घेईन’. आणि हो, हे मुलीही करतात. पासवर्ड मागणाऱ्या गर्लफ्रेंडला ‘क्यूट आहे रे’ म्हणून हसणारे मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असतील.

मात्र समोरचा हात उगारत असेल, धमक्या देत असेल तर ही परीक्षा एकट्याने घेऊ नका. आधी एका तरी विश्वासाच्या माणसाला सगळं सांगा. धमक्यांचे मेसेज डिलीट न करता स्क्रीनशॉट त्याच्याकडे पाठवून ठेवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून बघा, तुमचं अकाउंट आणखी कुठे चालू आहे ते तिथे दिसतं.

कायदाही थोडा माहीत असू द्या. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, तिचा इंटरनेटवरचा वावर नजरेखाली ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही येतो, आणि तो फक्त बायकोसाठी नाही, घरातल्या मुलीला आणि बहिणीलाही लागू होतो. महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२, आणि मन मोकळं करायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६, हा मुलांसाठीही.

घरचं प्रकरण अवघड असतं, मान्य. पार्टनरशी ब्रेकअप करता येतं, फी भरणाऱ्या वडिलांशी कसं करणार? तिथे एका दिवसात बंड होत नाही. एकच नियम निवडा, घरात जो माणूस ऐकून घेतो त्याला बाजूला घ्या, आणि पर्याय घेऊन बोला. ‘मला विचारू नका’ऐवजी ‘नऊला फोन करेन, पण दर तासाला नाही’ असं. जमेल तेवढे स्वतःच्या कमाईचे दोन पैसे गाठीला ठेवा. आणि तुम्ही मुलगा असाल, तर बहिणीचा नियम स्वतःला लावून बघा.

मी तेच केलं. मागच्या सुट्टीत रात्री नऊला माझाही फोन फ्रिजवर ठेवला. बाबांनी विचारलं, ‘तुझा कशाला?’ म्हटलं, ‘नियम आहे ना.’ ते काही बोलले नाहीत. चौथ्या रात्री बहिणीने नोट्स बघायला फोन मागितला, तेव्हा पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘घे की.’ नियम अजून मोडलेला नाही. आई मावशीकडे मात्र जाऊन आली. कुणाला न विचारता, सांगून.

ती आणि मी आता एकत्र नाही. मी माफी मागितली, तिने ऐकून घेतली. परत ये म्हणायचा हक्क मला नव्हता. हे लिहायच्या आधी मात्र तिला विचारलं. ‘लिही, नाव नको,’ एवढंच म्हणाली. ती नाही म्हणाली असती तर हा लेख आज तुमच्या हातात नसता.

आता तुमचा फोन काढा आणि बघा, आत्ता तुमचं लोकेशन कुणाला दिसतंय. आणि त्याहून आधी हे बघा, तुम्हाला कुणाचं दिसतंय.